भिडेकाकांचं दहास एक

"खाणारा की खाल्ला जाणारा?"

भिडेकाकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न हा. साल पंच्याऐंशी, गाव श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स. मी शेजारच्या वूस्टरला एम.एस. करायला आलो होतो आणि त्यांचं बेसमेंट भाड्यानं मागायला दोन बॅगा घेऊन दारात उभा होतो. विमानातल्या दोन गार पावांनंतर पोटात काही गेलेलं नव्हतं.

"खाणारा," मी प्रामाणिकपणे म्हणालो.

काकांनी मला वरपासून खालपर्यंत मापलं आणि आत तोंड करून ओरडले, "शालू, आणखी एक भक्षक आला गं! पोळ्या दहा वाढव!"

आतून शालूकाकूंचा आवाज आला, "त्याला आधी बसू द्या तरी! की नेताय तसाच माझ्या सवतीकडे?"

सवत म्हणजे तळं. ते घराच्या मागे होतं. बॅडमिंटनची दोन कोर्टं जेमतेम मावतील एवढंच. पण काका त्याच्याबद्दल बोलायला लागले की बॉस्टनपलीकडचा अटलांटिक लाजून दोन मैल मागे सरकत असे. त्यात दोन जातींचे मासे होते. मिनो म्हणजे बोटभर लांबीचे, चंदेरी, गरीब मध्यमवर्गीय. आणि बास म्हणजे हातभर लांबीचे, जबड्याचे, मिनो खाऊन जगणारे गुंड. एका गुंडामागे दहा मध्यमवर्गीय असले की तळं सुखी, हा काकांचा सिद्धांत. "दहास एक!" ते म्हणायचे. "रेशो सांभाळा, सिस्टिम आपोआप चालते."

काका एका कॉम्प्युटर कंपनीत सर्किटं तपासायचे, पण ते पोटासाठी. खरी नोकरी रविवारी सकाळी. स्टीलच्या वाटीवर चमचा टणटण वाजवत ते काठावरच्या लाकडी फळीवर उभे राहत, आणि मी शपथेवर सांगतो, तळ्यातले एकूण एक मिनो शाळेची घंटा झाल्यासारखे ओळीत येत. काही जण उशीर झाला म्हणून मान खाली घालून येत. काका मोजत आणि लांब रजिस्टरात लिहीत. रजिस्टरात तीन रकाने होते: 'मिनो', 'बास' आणि 'शा.' तिसऱ्यात दर रविवारी शून्य. हा माणूस तळ्यात शार्क आणायच्या बेतात आहे, असं समजून मी पहिला महिनाभर आंघोळसुद्धा भीत भीत केली.

जानेवारीत तर कहर. ख्रिसमस संपला की गोरे लोक आपापली झाडं फुटपाथवर टाकतात. काका कानटोपी चढवून स्टेशन वॅगन घेऊन निघत आणि आख्ख्या रस्त्याची झाडं गोळा करत. समोरच्या म्हातारीला वाटे, हा भारतातला काही धार्मिक विधी असणार. ती हात जोडून उभी राहायची. काका ती झाडं गोठलेल्या तळ्यावर दगड बांधून मांडून ठेवत. मार्चमध्ये बर्फ वितळला की झाडं तळाशी. "मिनोंना लपायला फांद्या नकोत का? गरिबाला आडोसा पाहिजे."

रेशोपासून सुटका कुठेच नव्हती. मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी बटाटेवड्यांच्या ट्रेवर नजर टाकली, सभागृहावर नजर टाकली आणि घोषणा केली, "भक्षक साठ, वडे ऐंशी! सिस्टिम कोसळणार!" चार मिनिटांत कोसळली. मी स्वतः कोसळताना पाहिली. खरं म्हणजे पाच वडे मीच पाडले.

आता गंमत बघा. हा माणूस पुण्यातला जन्माचा शाकाहारी. केकात अंडं आहे का, हे बेकरीवाल्याला साक्षीदार उभा केल्यासारखं विचारणारा. डाससुद्धा मारत नसत. पेल्याखाली पकडून, पुठ्ठा सरकवून, तळ्याकाठी नेऊन सोडत. तो मिनोंनी गिळला की म्हणत, "मी नाही मारला. सिस्टिमनं घेतला."

हाच मऊपणा अंगाशी आला. दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात काकांनी वाटी वाजवली आणि हजेरीला आले फक्त अकरा मिनो. वाटी पुन्हा वाजवली. अकराच. बास मात्र उदंड झाले होते, आणि त्यांची अवस्था बघवत नव्हती. डोकं बैलाचं, अंग उदबत्तीचं.

काकांनी मासे पुरवणाऱ्या वॉल्टरला बोलावलं. वॉल्टर काठावर गुडघ्यांवर बसला, एक बास जाळ्यात उचलून बघितला आणि म्हणाला, "खाणारे फार झाले, डॉक्टर." (काका डॉक्टर नव्हते, पण वॉल्टरच्या मते सगळे भारतीय डॉक्टर.) "वीसेक काढा आणि तळून खा. नाही काढलेत, तर वसंतात इथे नुसतं पाणी उरेल."

"दुसरा उपाय?"

"नाही."

दोन दिवस काकांच्या घशाखाली घास उतरला नाही. मी म्हटलं, "काका, काळजी कशाला? मंडळात अर्धे लोक कोकणातले. एक फोन केला तर तवे घेऊन येतील."

"नाही. ते मासे रिझर्व्ह्ड आहेत."

"कुणासाठी?"

काकांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. आत काकू भांडी घासत होत्या. मग माझ्याकडे न बघता, तळ्याला सांगितल्यासारखं ते बोलायला लागले.

काकू मालवणच्या. लग्न ठरवलं ते दोघांनीच. काकांनी कधी मासे नको म्हटलं नाही, काकूंनी कधी घरात आणले नाहीत. वीस वर्षं. मग एकदा न्यू जर्सीत एका लग्नात कुणीतरी सुरमई केली होती. "तिनं तीन तुकडे खाल्ले, डोळे मिटून. मी लांबून बघितलं. वीस वर्षांत मी केलेल्या एकाही गोष्टीवर तिनं असे डोळे मिटले नव्हते रे. आणि वर शेजारणीला म्हणाली, मासा बरा आहे, पण शिळा. आमच्याकडे मासा उड्या मारत घरात यायचा." काकांनी तळ्याकडे बोट केलं. "परत आल्यावर तळं खणायला दिलं."

"सात वर्षं झाली, काका!"

"दर वर्षी वाटायचं, अजून रेशो बसला नाही." मग हळूच, "हात होत नव्हता."

त्या रविवारी तो हात झाला. मी आयुष्यात पुढे मोठमोठी माणसं पाहिली, पण तसं धैर्य पाहिलं नाही. मी जाळं मागितलं तर म्हणाले, "तू लांब हो. तळं माझं, पापही माझं." सोवळं नेसून बसावं तसे ते फळीवर बसले. एकेक बास बाहेर आला, काकांनी प्रत्येकाला "माफ कर रे बाबा" म्हटलं, डोळे गच्च मिटले आणि वॉल्टरनं दिलेला लाकडी दांडा हाणला. पहिले तीन घाव फळीवरच बसले. विसावा बास झाला तेव्हा शर्ट घामानं चिंब होता आणि आजूबाजूच्या गवतावर दव गोठत होतं.

घाव ओझरता बसलेले दोन थरथरते मासे बादलीत घेऊन ते मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेले. "शालू," म्हणाले, "मासा आलाय. एक अजून उड्या मारतोय बघ."

काकूंनी बादलीत बघितलं. मग काकांच्या हातांकडे. भिंतीवरच्या फडताळातून डबा काढला. त्यात मालवणहून आणलेली तिरफळं आणि आमसुलं, कशासाठी जपली होती कुणास ठाऊक.

जेवायला आम्ही तिघं एका टेबलाशी. काका दहीभात घेऊन, पण उठून गेले नाहीत. काकूंनी पहिला घास घेतला. काकांचा चमचा हवेत.

"कसा आहे? तुमच्या तिकडच्यासारखा?"

काकूंनी डोळे मिटले. चांगले दहा आकडे मोजून होतील एवढा वेळ मिटले.

"हुबेहूब," म्हणाल्या.

काका ताडकन उठले आणि रजिस्टर आणायला पळाले. ते दिसेनासे झाल्यावर काकू माझ्याकडे वाकल्या.

"मेल्या, गोड्या पाण्यातला मासा आहे हा! चिखलाचा वास मारतोय. मालवणात मांजराला घातला तर मांजर घर सोडून जाईल. त्यांना सांगितलंस तर बेसमेंट रिकामं करायचं, समजलं?" आणि दुसरा तुकडा ताटात घेतला. त्यामागून तिसरा.

काकांनी परत येऊन काकूंच्या ताटाकडे बघितलं आणि रजिस्टर उघडलं. 'शा.' च्या रकान्यात सात वर्षांच्या शून्यांखाली, वळणदार अक्षरात, तीन लिहिलं. मी भांड्यातला शेवटचा तुकडा उचलायला गेलो, तर काकूंनी माझ्या हातावर पळी मारली.

"तू आधीच चार खाल्लेस. रेशो बघ!" म्हणाल्या, आणि तो स्वतःच्या ताटात ओढून पुन्हा डोळे मिटले.

काकांनी तीन खोडून चार केलं.