पेडणेकरकाकांचा कान

आमचा फ्रिज घेताना पेडणेकरकाकांनी डोंबिवलीतल्या एका भरल्या दुकानातले सगळे पंखे, सगळे टीव्ही आणि एसी बंद करायला लावले होते. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ओळीने उभ्या असलेल्या अकरा फ्रिजांना एकेक करून कान लावला. दुकानदार, दहा-बारा गिऱ्हाइकं आणि मी घामाघूम होऊन बघत उभे. "हा रडका आहे," काका पहिल्याला म्हणाले. "हा दमेकरी. हा आत्ता गोड बोलतोय, वॉरंटी संपली की दात दाखवेल." नवव्याला मात्र बराच वेळ चिकटून राहिले आणि म्हणाले, "हा घे, मीनल. आपल्या कामाशी काम ठेवणारा आहे." या गोष्टीला सात वर्षं झाली. तेवढ्या काळात माझ्या नवऱ्याची दोनदा दुरुस्ती झाली, फ्रिजची एकदाही नाही.

काका मानपाड्याला आमच्या समोरच्या दारात राहतात. एमआयडीसीतल्या एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात तांब्याची तार गुंडाळण्यात त्यांचा जन्म गेला. तयार ट्रान्सफॉर्मर कसा घुमतो, यावरून आत कुठला वेढा सैल राहिलाय ते काका सांगत, असं त्यांचे जुने सोबती अजून सांगतात. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, कान सुटला नाही. सोसायटीत कोणी मिक्सर, पंप, जुनी स्कूटर घ्यायला निघालं की काकांना बरोबर नेतं. काका येतातही, फक्त विकणाऱ्याने गप्प बसायचं ही अट. "मालकाचं ऐकायचं नाही, मशीनचं ऐकायचं," हे त्यांचं ब्रीद. मी विम्याच्या कचेरीत लोकांचे दावे तपासते, त्यामुळे मला ते पहिल्या दिवसापासून पटलेलं आहे.

एकदा लिफ्टमधून उतरता उतरता ते सेक्रेटरींना म्हणाले, "मोटरचं बेअरिंग गेलंय. पंधरा दिवस काढेल." सेक्रेटरी हसले. सोळाव्या दिवशी तेच सेक्रेटरी दुधाच्या पिशव्यांसकट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकले. काका जिन्याने आले, बंद दाराला कान लावला आणि म्हणाले, "एक दिवस जास्तच काढला की हिने."

वरच्या मजल्यावरच्या मुलीसाठी कल्याणला स्थळ बघायला गेले, तेव्हा वडीलधारे म्हणून काकांना नेलं होतं. परतताना सगळे मुलाच्या पगाराविषयी बोलत होते. काका म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण आत मिक्सर चालला होता तो ऐकलात का? जळेपर्यंत फिरवतात. त्या घरात कोणी कोणाला 'आता पुरे' म्हणत नसणार." लग्न झालं, मुलगी सुखात आहे. फक्त पहिल्या दिवाळीला माहेरून काय हवं असं विचारल्यावर तिने मिक्सर मागितला.

आता इतक्या गुणी माणसाची एक खोड मात्र आम्हा बायकांना खटकायची. काका दारात उभे राहून कितीही रंगात येऊन बोलत असोत, त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली की बोट वर करून "एक" म्हणायचे. तिसरीला वाक्य अर्धं टाकून आत पळायचे आणि गॅस बंद करायचे. बायकोच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा हा माणूस मोजतो, त्या बाईला डाळ शिजवायचंही स्वातंत्र्य नाही, असं आमचं एकमत होतं. त्यांच्याकडे बेल दाबली की हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात लाल दिवा लागायचा. तोही आम्ही काकांच्या खुळात जमा केला होता.

आणि पेडणेकरकाकू शिष्ट आहेत, याबद्दल तर वादच नव्हता. जिन्यात मागून हाक मारली तर वळून बघणार नाहीत. पूर्वी त्या घरी हवाईयन गिटारचे क्लास घ्यायच्या, मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती. डोंबिवलीतली निम्मी मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी एकदम सगळं बंद केलं. बोटं दुखतात म्हणाल्या. कलावंत माणसं लहरीच असायची, असं म्हणून आम्ही विषय सोडून दिला.

तर अलीकडेच एका शुक्रवारी काका माझ्याकडे आले आणि पायपुसण्याकडे बघत म्हणाले, "मीनल, उद्या माजिवड्याला एक मशीन ऐकायला जायचंय. गाडी काढशील?"

"कोणासाठी बघायचंय?"

"माझ्यासाठीच समज."

काकांनी स्वतःसाठी काही बघितल्याचं मला आठवत नव्हतं, म्हणून मी मुकाट्याने गाडी काढली. वाटेत कळलं की मशीन म्हणजे गिटारचा जुना विलायती अँप्लिफायर, आत जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह असतात तसला. मालक गायकवाड म्हणून एक गृहस्थ. गीतगायन पार्टीत तीस वर्षं गिटार वाजवलेली. आता मुलीकडे नाशिकला राहायला निघालेले, त्यामुळे घर आवरत होते.

"आधीच सांगतो साहेब," गायकवाड म्हणाले, "तापायला मिनिटभर घेतो आणि उचलायला दोन माणसं घेतो." त्यांनी बटण दाबलं. पेटीच्या मागे व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी झाले आणि आतून एक जाडसर घूं असा आवाज यायला लागला. काकांनी चष्मा काढला, कान लावला.

"घुमतोय."

"घुमणारच. वय झालंय त्याचं. मी पण झोपेत घुमतो, बायको सांगते."

"कंडेन्सर वाळलेत."

"वाळलेत, खोटं कशाला बोलू? एक कॅफेवाला रविवारी दुपारी येतोय. त्याला बंद पडलेला पण चालेल. कॉफीच्या मशीनशेजारी शोभेला ठेवणार म्हणाला." गायकवाडांनी पेटीवरची नसलेली धूळ पुसली. "तीस वर्षं वाजला तो. शोभेला ठेवतात म्हणजे कसंतरीच वाटतं."

घुमणारं मशीन म्हणजे काकांच्या कायद्यात विषय संपला. मी गाडीची किल्ली हातात घेतली. तर काका म्हणाले, "रविवारी सकाळपर्यंत मला वेळ द्या." मग गायकवाडांना गिटार वाजवायला सांगून त्यांनी खिशातून कापसाचे दोन बोळे काढले, दोन्ही कानांत घट्ट बसवले आणि डोळे मिटून पेटीवर तळहात टेकवला.

तिथून निघाल्यावर त्यांनी मला ठाण्यात एका वाद्यांच्या दुकानात नेलं आणि पाच नव्याकोऱ्या अँप्लिफायरांसमोर तोच प्रयोग केला. कानात कापूस, पेटीवर हात. प्रत्येक वेळी मान हलवून म्हणायचे, "हाताला लागत नाही." विक्रेत्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, अंकल ठीक आहेत ना?" मी हो म्हटलं, पण माझीच खात्री नव्हती.

परतीच्या वाटेवर शीळफाट्याला नेहमीप्रमाणे अडकलो. मी म्हटलं, "काका, कापूस घालून मशीन ऐकायला लागलात? उद्या डोळे बांधून साड्या बघाल."

काका हसले नाहीत. पुढच्या ट्रककडे बघत म्हणाले, "तिला ऐकू येत नाही गं."

हळूहळू जात जात नऊ वर्षांपूर्वी काकूंचे दोन्ही कान जवळजवळ गेले होते. कानातलं यंत्र लावून पाहिलं. समोरून बोललेलं थोडंफार कळतं, पण सूर मात्र पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. "संगीत शिकवणारी बहिरी झाली असं कोणी म्हणायला नको, म्हणून मला शपथ घातली. गिटार माळ्यावर टाकली. मी तेव्हापासून सांभाळून घेतो. बेल, फोन, दूधवाला."

"आणि कुकर," मी म्हटलं.

"आणि कुकर."

मला स्वतःची लाज वाटली. नऊ वर्षं मी त्या बाईंना शिष्ट म्हणत होते आणि मला त्यांच्या समोर जाऊन उभं राहायचंही सुचलं नव्हतं.

काका सांगत होते, "कारखान्यात कान बधिर झालेली माणसं होती आमच्याकडे. ट्रान्सफॉर्मरला हात लावून चूक सांगायची. म्हणून वाटलं, हिच्या हाताला, पायाला सूर लागला तर? त्या गायकवाडांची पेटी लागते हाताला. चांगली कोपरापर्यंत लागते."

"मग घ्या ना."

"आणि तिला नाही लागली तर?" काकांनी खिशातला कापूस चाचपला. "आज ती वाजवत नाही, ते स्वतःच्या मर्जीने. एकदा बसली आणि जमलं नाही, तर मग नाइलाजाने म्हणावं लागेल. तेवढं एक तिच्याजवळ उरलंय, ते मी काढून घेऊ?"

सिग्नल सुटला. मानपाडा आलं तेव्हा म्हटलं, "काका, मालकाचं ऐकायचं नाही, मशीनचं ऐकायचं, हे ठीक आहे. पण वाजवणारीला कोणी विचारायचं की नाही?"

वर पोचल्यावर त्यांनी आपल्या घराचं दार उघडून मला आधी आत जाऊ दिलं. मी काकूंच्या समोर बसले आणि सगळं सावकाश सांगितलं. शपथ मोडल्याबद्दल काका भिंतीशी उभे राहून शिक्षेची वाट बघत होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "आठवडाभर धुवायच्या शर्टातून कापूस निघतोय. फ्रिजला हात लावून काय उभे राहता? मी बहिरी आहे, आंधळी नाही." मग म्हणाल्या, "माळ्याला शिडी लावा. गिटारला पहिल्या चार तारा नव्या लागतील."

रविवारी सकाळी गायकवाडांच्या घरी काकू खुर्चीत बसल्या, गिटार मांडीवर आडवी घेतली आणि अनवाणी पाऊल त्या पेटीच्या अंगाला टेकवलं. गायकवाडांनी बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापले, पेटी घुमायला लागली आणि काकू दचकून खाली बघायला लागल्या. काकांचा चेहरा पांढरा पडला होता.

काकूंनी दोन तारा एकदम छेडल्या. तारा जुळत नसल्या की आवाजात एक लाट येते, वर-खाली, वर-खाली. मला ती कानाला कळत होती. काकू खुंटी पिळत होत्या आणि त्यांचं लक्ष पावलाकडे होतं. लाट संथ झाली, आणखी संथ झाली आणि थांबली. त्याच क्षणी त्यांचा हातही थांबला.

"जुळली," काकू म्हणाल्या.

गायकवाडांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. तीस वर्षं वाजवलेला माणूस तो, त्या पावलावरून समजला. ते एवढंच म्हणाले, "आवाज वाढवू का, ताई? शेजारी सगळे आपलेच आहेत."

काकूंनी आधी भूप घेतला, मुलांना पहिल्या महिन्यात शिकवायच्या तो. पहिली मींड घसरली. त्यांनी पदराने हात पुसला आणि पुन्हा घेतली. तिसऱ्या वेळी ती जागच्या जागी जाऊन बसली, आणि मग बाई थांबेचनात. भूप झाला, त्यातली द्रुत गत झाली. शेजारचे दारात येऊन उभे राहिले, गायकवाडांनी आपली गिटार काढून खालून साथ धरली. मला गाण्यातलं फारसं कळत नाही, पण जिंकणारं माणूस कसं दिसतं ते कळतं. काकू तशा दिसत होत्या.

थांबल्यावर काका त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "हा घुमतो. आपण कंडेन्सर बदलून घेऊ. मग एकदम शांत होईल."

"काही नको बदलायला," काकू म्हणाल्या. "घुमतो म्हणून तर चालू आहे ते कळतं मला."

काका उठले, गायकवाडांकडे वळले. "घेतला." सदोष मशीन पास करण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. गायकवाडांनी आमच्यादेखत कॅफेवाल्याला फोन लावला. "माझा अँप गेला बरं का. हो, वाजवणाऱ्यांकडे गेला." बोलताना त्यांनी छाती केवढी फुगवली होती.

दुपारी ती पेटी सोसायटीत आली. ती वर चढवायला खुद्द सेक्रेटरींनी हात लावला. संध्याकाळी पाचला काकू वाजवायला बसल्या, तेव्हा त्यांच्या दारात निम्मी सोसायटी उभी होती. आम्ही त्यांना शिष्ट म्हणणाऱ्या सगळ्याजणी सर्वांत पुढे होतो. काकूंनी आमच्याकडे बघून मान डोलावली. माफ केलं असावं, किंवा आम्ही त्यांच्या लेखी तेवढ्या महत्त्वाच्या नसू.

काका स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभे होते. डोळे मिटलेले. त्या घरातले सगळे आवाज नऊ वर्षं त्यांनी एकट्यानेच ऐकले होते, दोघांच्या वाटचे. आज पहिल्यांदा काकू त्यांना काही ऐकवत होत्या.

आत कुकरची शिट्टी झाली. मी सवयीने काकांच्या बोटाकडे पाहिलं. ते वर झालं नाही. दुसरी झाली, तिसरी झाली, चौथी झाली. पाचवीला मीच त्यांच्या बाजूने आत शिरले आणि गॅस बंद केला.

बाहेर येऊन हळूच विचारलं, "काका, किती झाल्या?"

काकांनी डोळे उघडले. "कशाच्या?"