गयाबाईंचं मीठ

गयाबाई माणसाचं तोंड बघत नाहीत, कोपर बघतात. शिर्डीतल्या आमच्या हॉटेलच्या स्पामध्ये त्या होत्या तोवर, आलेल्या बाईला "बसा" म्हणायच्या आधी त्या तिचा हात धरून कोपर उजेडाकडे वळवायच्या. मग टाचा. मग बोटांच्या बेचक्या. बाजारात वांगी निवडावीत तसं सगळं उलटसुलट बघून झालं की निकाल द्यायच्या. "चालंल" नाहीतर "आज न्हाई". पाहुणीनं कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं. "आदी चिरा बघायच्या, मंग मीठ."

आमचा स्पा म्हणजे पार्किंगमागच्या दोन खोल्या. पूर्वी तिथे जुन्या गाद्या पडलेल्या असायच्या. मालकांनी त्या हलवल्या, मंद दिवे लावले, दारात डोळे मिटलेल्या बुद्धाची मूर्ती बसवली आणि गुळगुळीत कार्ड छापून घेतलं. सगळ्यात जास्त मागणी मिठाच्या स्क्रबला. जाडसर सैंधव खोबरेलात कालवायचं, अंगावर गोल गोल चोळायचं, मेलेली कातडी निघून जाते. मग कोमट पाणी आणि वर क्रीम. आम्ही पाहुण्यांना हे इंग्रजीत समजावतो. गयाबाई म्हणायच्या, "अंगाची घासनी हाय. तांब्याला करतो तशी."

पहिल्याच दिवशी त्यांनी स्पाचं संगीत बंद पाडलं. आम्ही झुळझुळत्या झऱ्याचा आवाज लावायचो. गयाबाई दुष्काळी पाथर्डीकडच्या. त्यांना वाटलं, कुणीतरी नळ सोडलाय. दोन्ही न्हाणीघरं आणि गच्चीवरची टाकी तपासून धापा टाकत आल्या. आवाज भिंतीतल्या स्पीकरचा आहे हे समजल्यावर म्हणाल्या, "आसंल. पन माझा हात चालत न्हाई. सारखं वाटतं, उठावं अन् बंद करावं." तेव्हापासून तिथे बासरी वाजते.

बुद्धाला त्या रोज उदबत्ती लावायच्या आणि त्याच्यासमोर हळू बोलायच्या, कारण देव झोपलाय.

त्यांचे तळवे इतके खरखरीत होते की मीठ निम्मंच लागायचं. शिकून आलेल्या मुलींचे हात मऊसूत, पण पाहुण्या काउंटरवर येऊन विचारायच्या, "त्या जाड हाताच्या मावशी आहेत का?" सुरतेच्या एक बाई तर दरवर्षी दर्शनाला येतात आणि आधी फोन करून मावशींची चौकशी करतात. साईबाबांची वेळ नंतर ठरते.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण शेवटपर्यंत ठेवली तर धीर व्हायचा नाही. गयाबाई माझी सख्खी आत्या आहे. मी या हॉटेलचा फ्रंट ऑफिस मॅनेजर. हॉटेलात हे कुणाला माहीत नाही, आणि माहीत होऊ नये ही व्यवस्था माझी आहे.

आमचं अख्खं घर ऊसतोडीला जायचं. दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायचं आणि उन्हाळ्यात परतायचं. चौथीपर्यंत मी त्यांच्याबरोबर उसाच्या फडातच असायचो. मग वसतिगृह, नगरचं कॉलेज, हॉटेलचा कोर्स. तिथे कुणीतरी वडिलांबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणालो, नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. एकदा तोंडातून गेलं आणि मग ते सुपरवायझरच राहिले. यथावकाश रिटायरही झाले.

आत्याला मूलबाळ नाही. नवरा गेला, मग कंबर गेली आणि कोयता सुटला. वडिलांनी फोन केला, तिला तुझ्याकडं कुठं चिकटवता आलं तर बघ. मी तिला शिर्डीच्या स्टँडवर उतरवून घेतलं आणि हॉटेलात न्यायच्या आधीच बजावलं, "आत्या, तिथं ओळख दाखवू नकोस. मला साहेब म्हण."

तिने मांडीवरच्या पिशवीचे बंद चाळवले. मग म्हणाली, "बरं हाय की. साहेबच हायेस तू." मला इतकं सुटल्यासारखं झालं की मी तिला उसाचा रस पाजायला निघालो. "नगं," ती म्हणाली, "ऊस लई झालाय माझा."

तिने शब्द पाळला. मला ती अहो-जाहो करायची. फक्त दुपारी जेवताना मुलींना भाच्याचं कौतुक सांगायची. "माझा भाचा लई मोठा साहेब हाय. इंग्रजी फाडफाड बोलतो. लहानपनापास्नं हुशार." मुली विचारायच्या, असतो कुठे? "लांब हाय," ती म्हणायची. मी शेजारच्या टेबलावर वरणभात कालवत असायचो. मान खाली घालून जेवायची सवय मला तेव्हाच लागली.

मग नागपूरच्या एक बाई आल्या. दर्शनाच्या रांगेत अनवाणी उभं राहून त्यांच्या तळव्यांना फोड आले होते. आत्याने स्क्रब करायला साफ नकार दिला, तळव्यांना तूप लावलं आणि परत पाठवलं. बाई काउंटरवर येऊन भडकल्या. मालक मागेच उभे होते. मी आत्याला बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत त्या बाईंना म्हणालो, "माफ करा मॅडम, या अडाणी बायकांना कितीही शिकवलं तरी उपयोग नसतो."

"चुकलं साहेब," आत्या म्हणाली.

मालकांनी फर्मान काढलं. ज्या कंपनीचं मीठ आणि क्रीम आम्ही वापरतो, तिथल्या मॅडम पुण्याहून शिकवायला येणार होत्या. त्यांनी पास केलं तर गयाबाई स्पात, नाहीतर चादरी धुवायला.

मॅडम आल्या. सगळ्या मुली गोळा झाल्या. रिसेप्शनवरची पूजाही गंमत बघायला आली. प्रात्यक्षिकाला एक हात हवा होता. "मॅनेजरसाहेब, तुमचाच द्या," मॅडम म्हणाल्या, "आणि मावशी, तुम्ही करून दाखवा."

मी बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. आत्याने बटण काढलं, बाही वर सरकवली. मनगटाच्या वर वीतभर लांब पांढुरका व्रण आहे. तिचा हात तिथे थांबला.

मी नऊ वर्षांचा असताना फडात आत्याच्या मागे ऊस गोळा करत होतो. अचानक ससा निघाला आणि मी त्याच्यावर झेप घेतली. आत्याचा कोयता खाली येतच होता. जवळपास दवाखाना नव्हता. कुणीतरी म्हणालं, मिठाच्या पाण्यानं धू, पिकणार नाही. तिने धुतलं. मी घसा बसेपर्यंत ओरडत होतो आणि ती माझा हात घट्ट धरून धूत होती. वसतिगृहात गेल्यावर मी हे सगळं मागे टाकलं होतं.

"हितं नगं," आत्या म्हणाली.

"मावशी, जुना व्रण आहे. कातडी केव्हाच भरून आलीय," मॅडम म्हणाल्या, "मीठ झोंबणार नाही."

"झोंबतं."

"तुम्हाला काय माहीत?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. ती काही मागत नव्हती, फक्त बघत होती. बोलायला वेळ भरपूर होता. सगळे माझ्याकडेच बघत होते. मी म्हणालो, "कॉलेजात असताना वर्कशॉपच्या मशीनमध्ये हात सापडला होता."

"व्हय," आत्या म्हणाली. "मशीनचंच दिसतंय." तिने बाही खाली ओढली, बटण लावलं आणि मिठाची वाटी बाजूला सारली. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून आत्या चादरी धुवायला गेली.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी गच्चीवर गेलो. आत्या वाळलेल्या चादरी काढत होती. आजूबाजूला कुणी नाही हे बघूनच मी तिला हाक मारली, हेही सांगायला हवं.

"आत्या, मशीनचं दिसतंय असं का म्हणालीस?"

"तू म्हनलास म्हनून." ती चादर झटकत राहिली. मग म्हणाली, "पिंट्या, एक इचारू? आजून राग हाय का रं माझा?"

"कसला?"

"हाताचा. कोयता माझाच हुता. मीठबी मीच लावलं. तू मला साहेब म्हनायला सांगितलंस तवाच मी समजले. म्हनलं, बरुबर हाय त्याचं. लेकराला एवढं केलं, मंग वळख कशाला दावंल?"

मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. माझ्या मनात तिचा राग असता तर किती बरं झालं असतं. मला फक्त तिची लाज वाटत होती. तिच्या बोलण्याची, तिच्या हातांची, ज्या फडात ती राबली म्हणून मी शिकलो त्या फडाची. आणि ती इतकी वर्षं समजत होती की मी तिला त्या जखमेची शिक्षा देतोय, आणि ती शिक्षा तिला मान्य होती.

"नाही गं," मी म्हणालो. "राग नाही."

"मंग?"

मी चादरीचं दुसरं टोक धरलं. तेवढ्यात पूजा टॉवेल न्यायला वर आली. "सर, तुम्ही इथे काय करताय?"

"आत्याला मदत," मी म्हणालो.

"कुणाच्या आत्याला?"

"माझ्या."

पूजा आळीपाळीने आमच्याकडे बघायला लागली. मी घाबरलो. ते आत्याला माझ्या तोंडावर दिसलं असणार. ती लगेच म्हणाली, "साहेब चेष्टा करत्यात गं. जा तू, टावेल घे." पूजा हसत टॉवेल घेऊन खाली गेली.

आणि मला हायसं वाटलं. बाकी सगळ्यापेक्षा जास्त लाज मला त्या हायसं वाटण्याची वाटते.

चादरीची घडी झाली. आत्याने माझा हात धरला, बाही वर केली आणि कोपर उजेडाकडे वळवलं.

"लई वाळलंय रं," ती म्हणाली. "तेल लावत जा."