माझं समाधान गोदामात आहे

आमच्या बाबलकाकांकडे कोणी गाऱ्हाणं घेऊन आला की ते आधी डोळे मिटत. "हां, सांग. सगळा सांग," म्हणत आणि समोरचा थकेपर्यंत हूं की चूं करत नसत. शेवटी डोळे उघडून एकच शब्द, "बरा." एवढ्यावर निम्मे लोक खूश होऊन जात. उरलेले निम्मे दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

आरोंद्याच्या पुढे लोखंडाची माती काढणारी एक खाण होती. काका तिथले लेबर ऑफिसर आणि मी त्यांच्या हाताखाली कारकून. पाट्या वाहणाऱ्या बायकांपासून ट्रकच्या ड्रायव्हरांपर्यंत सगळे त्यांच्या टेबलासमोरच्या बाकावर येऊन बसत. एकीला मुकादम वाकडं बोललेला असे, दुसऱ्याला सासू. सासूशी खाणीचा काय संबंध, असं विचारायची सोय नव्हती. काका तेही ऐकून घेत.

एकदा दोघे भाऊ एकाच दिवसाची रजा मागायला आले. गावच्या जत्रेत दशावतार होता, त्यात थोरला राजा आणि धाकटा राक्षस. मॅनेजर म्हणाले, एकालाच सोडा. काका वैतागून म्हणाले, "साहेब, राजा जत्रेत आणि राक्षस खाणीत. मग राजाने लढायचं कोणाशी?" दोघांनाही रजा मिळाली. बोलणी मात्र काकांनी खाल्ली.

संध्याकाळपर्यंत त्यांचा पार पिट्टा पडलेला असे. बायको वारलेली, मुलगा मुंबईला, म्हणून चहा माझ्याच पडवीत. "दगड बरो रे," ते म्हणत. "दगडाक सासू नसता." मग दिवसभरात कोण काय म्हणालं ते सगळं मला सांगत. त्यांचं एकच मागणं होतं, गोदामात बदली. तिथे फावडी, पहारी, घमेली. गाऱ्हाणं सांगणारं कोणी नाही. मॅनेजर दर वेळी उडवून लावत.

मग मुंबईहून मोठे साहेब आले. लोक कामात समाधानी आहेत का, हे त्यांना बघायचं होतं. सगळीकडे विचारत फिरले आणि शेवटी काकांसमोर थांबले. "आणि तुम्ही? तुम्ही समाधानी आहात?"

काका कचेरीच्या मराठीत म्हणाले, "माझं समाधान गोदामात आहे, साहेब."

साहेब हसले. काका हसले नाहीत. बदली झाली, काकांनी पेढे वाटले, आणि त्यांची खुर्ची माझ्या गळ्यात पडली.

थोड्याच दिवसांत माझं डोकं उठलं. मीही डोळे मिटून ऐकायला गेलो, तर मला झोप लागली आणि ती बाई रागावून निघून गेली. काका चहाला येईनासे झाले. म्हटलं, सुटला म्हातारा, असेल मजेत.

एका सकाळी बाक भरलेला होता. अगदी टोकाला, टोपी हातात घेऊन, काका. मी हाक मारली तर हातानेच थांबवलं. नंबर येईपर्यंत उठले नाहीत.

"काका, तुमी हंय?"

"तक्रार आसा."

"कोणाविरुद्ध?"

"तसा कोणाविरुद्ध नाय." ते टोपीकडे बघत राहिले. "थंय गोदामात कोण येणा नाय रे. दिवसभर बोलूक माणूस नाय, घराकडेय नाय. तुझ्याकडे चायक येवन तरी काय सांगू? कोणाचा कायच आयकूक नाय."

मी उठून त्यांच्याशेजारी बाकावर बसलो. "साहेबांका सांगू? परत येतास?"

"नको. तू आयकलंस, झाला," म्हणत ते उठायला लागले.

मी हात धरून त्यांना खाली बसवलं. अजून बरंच ऐकायचं राहिलं होतं.