अनसूया रानडुकरीण आणि चेहऱ्याच्या सात चुका

एका जंगलात एक वाघीण राहत होती आणि तिचे दात पडले होते. मुलांनो, तुमच्यातल्या हुशारांना पुढची गोष्ट एवढ्यातच कळली असेल. पण त्या जंगलात तेवढं हुशार कुणी नव्हतं, म्हणून मला ती सगळी सांगावी लागते आहे.

सगळे दात पडले नव्हते, बरं का. दोन शिल्लक होते. एक वर, एक खाली, आणि तेही एकमेकांसमोर नाहीत. अशा दातांनी राठ कातडं फाटेल का? चिवट मांस तुटेल का? वाघीण बिचारी महिनाभर बेडकांवर जगली. मग तिने डोकं लढवलं आणि गुहेबाहेर पाटी लावली: 'राजसबाईंचे त्वचा सल्ला केंद्र. चेहऱ्याच्या सात चुका टाळा. प्रवेश सर्वांना.'

"सर्वांना म्हणजे आम्हालाही?" एका सशाने लांबूनच विचारलं. "तुम्ही आम्हाला खाणार तर नाही?"

"छे रे बाळा," राजसबाई म्हणाल्या. "खाणंबिणं मी सोडलं. आता मी फक्त काळजी घेते."

दात नसल्यामुळे त्यांचा आवाज फार मऊ झाला होता. सशाला तो इतका आवडला की त्याने जागच्या जागी नाव नोंदवलं.

त्याच जंगलात अनसूया नावाची एक रानडुकरीण होती. आपली गोष्ट तिची. पहाटे उठून ती नाकाने जमीन उकरायची आणि कंदमुळं खायची. दुपारी डबक्यात लोळायची. रात्री तसंच चिखलाचं तोंड घेऊन झोपायची. तिचा नवरा सदोबा हेच करायचा. त्यांचा संसार सुखाचा होता, कारण दोघांनीही एकमेकांचा चेहरा कधी पाहिलेला नव्हता.

एके दिवशी पाणवठ्यावर तिला मृदुला हरिणी भेटली. मृदुला स्वभावाने चांगली होती. ती कुणाला टाकून बोलायची नाही.

"अनसूया, रागावू नकोस हं," ती म्हणाली, "पण तुझा चेहरा मातीशी फारच जोडलेला आहे."

अनसूयाने पाण्यात वाकून पाहिलं. तिला आपलं डबकंच दिसलं, त्याला फक्त दोन डोळे होते. तिला रडू कोसळलं. घरी येऊन तिने सदोबाला विचारलं, "अवो, मी कशी दिसते?"

सदोबा विचारात पडला. खरं सांगावं की बरं सांगावं, हे कुठल्याही नवऱ्याला लवकर सुचत नाही.

"ओळखू येतेस की," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत अनसूया केंद्राच्या रांगेत उभी होती.

राजसबाईंनी तिचा गाल दोन पंजांत धरला. दाबला. थोडा ओढून पाहिला. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

"फार राठ आहे हो," त्या म्हणाल्या. "आणि केवढा मोठा चेहरा! केवढा वाया चाललाय!"

अनसूयाला भरून आलं. आजवर तिच्या चेहऱ्यासाठी कुणी रडलं नव्हतं.

"बाई, माजं काय होईल का?"

"होईल ना. पण सात चुका टाळायच्या." बाईंनी पळसाचं पान पुढे ओढलं आणि नखाने लिहायला घेतलं. "चेहरा खसाखसा घासायचा नाही. सालटं निघतात, मग आतला रस वाहून जातो."

"कसला रस?"

"तारुण्याचा. दिवसात दोनदाच धुवायचा, कोमट पाण्याने. उन्हात तर जायचंच नाही. उन्हाने चेहरा वातड होतो." चेहरा वातड झाल्याचं अनसूयाने कधी ऐकलं नव्हतं, पण हा त्या धंद्यातला शब्द असेल असं समजून तिने मान डोलावली. "धुतल्यावर आधी मीठ आणि लिंबू. मग कच्च्या पपईचा गर. त्यावर दही, हळद आणि आलं-लसणीचं वाटण."

"लसूण कशाला वो बाई?"

"जंतू मरतात. आणि हे सगळं रात्रभर मुरू द्यायचं. लावलं की धुतलं, असली घाई नको. ही चौथी चूक. का पाचवी? असो. आणि शेवटची चूक सगळेच करतात. चेहऱ्याला लावतात आणि मान विसरतात." इथे बाईंनी आवंढा गिळला. "मान विसरू नका, अनसूयाताई. तिला रोज तेल लावा. सगळं मानेवर आहे."

मुलांनो, हा लेप तुम्ही कुठेतरी पाहिला आहे, हो ना? रविवारी सकाळी तुमच्या घरी पातेल्यात झाकून ठेवलेला असतो. फरक एवढाच, की पातेल्यातलं मांस आरशात बघून खूश होत नाही.

अनसूयाने मोठ्या निष्ठेने सुरुवात केली. पहिल्या रात्री तिने लेप लावला आणि डोळे मिटून पडली. नाकाशी दही. दह्यात लसूण. जीभ थोडी बाहेर आली. मग आणखी थोडी. मध्यरात्रीच्या आत चेहरा लख्ख झाला, पण तो लेपाने नव्हे. सकाळी तिला स्वतःची फार लाज वाटली. आज असं करायचं नाही, असं तिने ठरवलं आणि लेप दुप्पट बनवला.

उन्हाचंही तसंच झालं. दुपार झाली की तिचे पाय आपोआप डबक्याकडे वळायचे. मानेला मात्र ती न चुकता तेल लावायची. तेलावर धूळ बसायची. धुळीवर ती दुसऱ्या दिवशी परत तेल लावायची.

"आज कशी दिसते?" ती सदोबाला विचारायची.

"कालच्यापेक्षा भरीव," सदोबा म्हणायचा. तो खरं बोलत होता.

इकडे मृदुलानेही केंद्रात नाव नोंदवलं होतं, आणि तिने एकही चूक केली नाही. ती आठ दिवस सावलीतून हलली नाही. गवत सावलीत नव्हतं, म्हणून तिने गवतही सोडलं. लेप लावून ती अशी निश्चल पडायची, की मुंग्यासुद्धा हळहळायच्या. आठव्या दिवशी तिचा गाल लोण्यासारखा मऊ झाला.

त्या दिवशी तपासणी होती. सगळे ओळीने उभे राहिले. राजसबाई एकेकाचा गाल दाबत, हुंगत पुढे चालल्या. मृदुलापाशी येताच त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या तोंडातून लाळ गळली.

"हिची निवड झाली," त्या म्हणाल्या. "शेवटचं सत्र. आज संध्याकाळी, गुहेत आत. येताना पाला-पाचोळा झटकून ये."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मृदुला मान उंच करून गेली.

दुसऱ्या दिवशी ती पाणवठ्यावर दिसली नाही. सगळ्यांनी चौकशी केली.

"मृदुला आता या जंगलापुरती राहिली नाही," राजसबाईंनी सांगितलं आणि त्यांना ढेकर आला.

"लेकीने नाव काढलं हो!" म्हणत मृदुलाच्या आईने साऱ्या कळपाला आवळे वाटले.

पुढच्या आठवड्यात सशाची निवड झाली. त्यानंतर दोन भेकरांची एकदमच झाली. दर खेपेला अनसूया ओळीत उभी राहायची, आणि दर खेपेला बाई तिचा गाल दाबून सुस्कारा टाकायच्या. "अजून मेहनत हवी, ताई."

घरी येऊन ती हमसून हमसून रडायची. एकदा सदोबाला राहवलं नाही.

"काय गं, निवड झालेल्यांपैकी एक तरी परत येऊन भेटलं का तुला?"

"मोठी झाल्यावर कशाला भेटतील?" अनसूया फणकारली. "तुमाला आपलं मी चिखलातच राहावं असं वाटतं."

सदोबाला खरोखरच तसं वाटत होतं. त्यामुळे तो उठून डबक्याकडे गेला.

असं करता करता जंगलातले नितळ चेहरे संपले. केंद्राबाहेरची रांग आखडत आखडत एकट्या अनसूयावर आली. राजसबाईंना परत बेडूक दिसू लागले. बेडकांच्या आठवणीने त्यांच्या अंगावर काटा आला. त्या सकाळी अनसूयाचा गाल न दाबताच त्या म्हणाल्या, "अनसूयाताई, तुमची निवड झाली. आज संध्याकाळी या."

मुलांनो, अनसूयाला काय वाटलं असेल! ती घरापर्यंत नाचत गेली. आनंदाने तिने सदोबाला दोन धडका दिल्या. पण डबक्यापाशी येताच ती थबकली. मानेची सोडून बाकी साऱ्या चुका आपण केल्या आहेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाईंनी विश्वास टाकला, आणि आपण त्यांना फसवलं! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग परीक्षेच्या आदल्या दिवशी तुम्ही जे करता, तेच तिने केलं. महिन्याभराचा अभ्यास एका दुपारी उरकला. चेहरा धुवायला वेळ नव्हता, म्हणून होता त्या चिखलावरच तिने चार आठवड्यांचं मीठ-लिंबू लावलं. त्यावर टोपलीभर पपई लावली. मग दही-हळदीचे थर दिले. या खेपेला जीभ बाहेर येऊ नये म्हणून तिने तोंडात दगड धरला. मानेवर तर तिने दुप्पट लेप थापला. तो लवकर वाळावा म्हणून ती खडकावर रणरणत्या उन्हात पडून राहिली. संध्याकाळपर्यंत सगळं इतकं कडक वाळलं की सदोबाने टिचकी मारून पाहिली तेव्हा मडकं वाजावं तसा आवाज आला.

"जाऊ नकोस," सदोबा म्हणाला. "मला तू अशीच बरी वाटतेस."

"तुमाला काय कळतं सुंदर दिसण्यातलं?" असं म्हणून ती निघाली.

गुहेत अंधार होता. राजसबाई भुकेने डोलत होत्या.

"डोळे मिटा, ताई. मान वर करा."

अनसूयाने डोळे मिटले. मान वर केली. "मान विसरले नाय हं बाई मी," ती अभिमानाने म्हणाली.

बाईंनी झेप घेतली.

कट्!

आणि लगेच आणखी एकदा, कट्!

अनसूयाने डोळे उघडले. राजसबाई दोन्ही पंजांत तोंड धरून जमिनीवर बसल्या होत्या. त्यांच्यापुढे दोन दात पडले होते. अनसूयाच्या मानेवरचा लेप थोडासा तडकला होता, एवढंच.

तिला सगळं कळलं, म्हणजे तिला तसं वाटलं. ती बाईंच्या पायांवर कोसळली.

"माफ करा बाई! माज्या मेल्या कातडीनं तुमचा घात केला. तुमी पारखून बघायला गेला आणि दात गमावून बसला. मी लेप चाटला वो. रोज चाटला. उन्हात गेले. चिखलाचं तोंड घेऊन झोपले. मानेची तेवढी टळली, बाकी एक चूक म्हणून सोडली नाय मी."

"दा," राजसबाई म्हणाल्या. त्यांना 'जा' म्हणायचं होतं.

"मग परत कधी येऊ?"

"कधीत नको."

अनसूया रडत रडत घरी गेली. सदोबा डबक्याच्या काठावर उभा होता. ती दिसताच तो धावत आला आणि तिच्याभोवती वेड्यासारखा गोल गोल फिरला. आपल्यावर हसतो आहे असं वाटून ती त्याच्याशी चार दिवस बोलली नाही.

केंद्र बंद पडलं. राजसबाई कुठे गेल्या ते कुणाला कळलं नाही. एवढी गुणी बाई आपल्या जंगलाला टिकवता आली नाही, म्हणून प्राण्यांनी शोकसभा घेतली आणि गुहेसमोर एक पपईचं झाड लावलं.

अनसूया पुढे खूप वर्षं जगली. तिला अकरा पिल्लं झाली आणि पिल्लांना पिल्लं झाली. तिच्या चेहऱ्यावर इतक्या सुरकुत्या पडल्या की त्यांत पावसाचं पाणी साचायचं. नातवंडं भोवती जमली की ती उसासा टाकायची.

"माजी निवड झाली व्हती रं पोरांनो. पण आळस नडला. म्हणून तर हितं पडलेय म्हातारी होऊन. तुमी तरी चुका करू नका."

नातवंडं ताबडतोब उठून तोंड धुवायला पळायची.

तात्पर्य: चेहऱ्याची निगा राखताना एकही चूक करू नये. म्हणजे सुरकुत्या पडायची वेळच येत नाही.