साडेचोवीसचे बूट

"अहो, वर जा म्हटलं ना! आणि जाताना तुमचे बूट कपाटात टाका. अगदी मागे, दिसता कामा नयेत," तोमोए कडाडली.

योशिहारु जिन्याच्या पहिल्या पायरीवर मोजे घालून उभा होता. "माझ्याच घरात मी लपून बसू?"

"दोन तास फक्त. पोराच्या फीसाठी एवढंही जमत नाही का?"

फीचं नाव निघालं आणि योशिहारु बूट कपाटात मागे ढकलून वर गेला. त्याचा सिटी बसवरचा पगार आणि तोमोएची लोकांच्या पँट कमी-जास्त करून द्यायची कमाई, यात किशिवादा शहरातलं हे घर कसंबसं चालायचं. डोंगरावरचं खासगी हायस्कूल त्यात बसत नव्हतं. तिथं दरवर्षी बेसबॉलच्या पाचच पोरांना फी माफ व्हायची. चार जागा भरल्या होत्या. पाचव्या जागेसाठी त्यांच्या हायातोचं नाव निघालं होतं. डावखुरा पिचर, आणि त्याचा वळणारा बॉल असा की भल्याभल्यांची बॅट नुसती वारा घालत राहायची. शाळेतर्फे पोरं हेरणाऱ्या हिराबायाशीसाहेबांनी त्याचे तीन सामने पाहिले होते. आज साहेब घरी येणार होते.

सगळी गोची उंचीची होती. पंधरा वर्षांचा झाला तरी हायातो वर्गात सगळ्यात पुढच्या रांगेत. आणि शाळेचे कोच सेगावा यांचा खाक्या ठरलेला: पोरगं बघू नका, बाप बघा. बाप बुटका तर पोर वाढत नाही, आणि न वाढणाऱ्या पोरावर शाळा फी घालवत नाही. बाप घरी नसला तर त्याचे दारातले बूट बघून या. तोमोएच्या एका गिऱ्हाइकाच्या पोराची जागा अशीच बुटांवरून गेली होती. गुरांच्या बाजारात दात बघतात, इथं बूट! योशिहारुचे बूट होते साडेचोवीस नंबरचे, म्हणजे पाऊल जेमतेम साडेचोवीस सेंटीमीटर. शाळेतल्या पोरीसुद्धा तेवढे घालतात.

म्हणून शेजारच्या इवाओचे बूट आणले होते. इवाओ एकेकाळचा सुमो पैलवान. आता कोपऱ्यावर मटण-भाज्यांच्या रश्शाची खाणावळ चालवायचा. बूट बत्तीस नंबरचे. तोमोएने ते दोन्ही हातांनी उचलून दारात मधोमध मांडले.

"आई, हे फार होतंय," हायातो म्हणाला. "मी बॉल हाताने टाकतो. बाबांच्या पायाने नाही."

"हे मला नको सांगूस, त्या कोचला सांग. आणि केस विंचर."

"आई, बेसबॉलसाठी डोकं भादरलंय. केस आहेत कुठे?"

बरोबर तीनला हिराबायाशी आले. चांगले ताडमाड गृहस्थ. दारात वाकले आणि वाकलेलेच राहिले. नजर बत्तीस नंबरवर खिळली होती.

"हे... वडिलांचे?"

"हो ना," तोमोए लाजून म्हणाली. "बाजारात मापाचे मिळतच नाहीत बाई!"

हिराबायाशींचा चेहरा असा फुलला की तोमोएला वाटलं, जिंकलो. ते आपले बूट काढून आत आले, बार्लीचा गार चहा घेतला, लाल चवळीच्या गोड वड्या खाल्ल्या. मग फाईल उघडून म्हणाले, "अशा गृहस्थांना भेटल्याशिवाय मी जाणार नाही. कधी येतात?"

"ते? बसवर आहेत. उशीर होईल."

"मी थांबतो की."

तोमोएने हायातोला डोळ्याने खुणावलं, पोरगं कपाळाला हात लावून मागच्या दाराने पळालं आणि पाच मिनिटांत इवाओला घेऊन आलं. इवाओ दारातून आडवा होऊन आत शिरला. एप्रन तसाच, हातात पळी.

"मी बाप," तो म्हणाला. एवढंच पाठ करून आला होता.

"वा, वा! काय देह आहे!" हिराबायाशी उठून उभे राहिले. "कुठल्या नंबरची बस चालवता?"

इवाओ मुळात सरळ माणूस. त्याला खोटं बोलायची सवय नाही. "छे हो साहेब! ड्रायव्हरच्या जागेत मी मावतो कुठे?"

आणि नेमक्या त्याच वेळी जिन्यावर पावलं वाजली. योशिहारु मघापासून बार्लीचा चहा ढोसत वर बसला होता, आणि त्याला आता एक क्षणही धीर धरणं शक्य नव्हतं. तो सगळ्यांसमोरून संडासाकडे धावला. दोन मिनिटांनी बाहेर आला, आणि इवाओच्या शेजारी ताठ उभा राहिला. इवाओच्या छातीलाच लागत होता.

"बाप मी आहे," तो म्हणाला. "बस मीच चालवतो. बुडाखाली गादी घेऊन."

हिराबायाशींनी फाईल मिटली. "माफ करा बाई. अशाने नाही व्हायचं." ते दाराकडे वळले.

त्यांच्या मागे मागे पँटची टोकं जमिनीवर लोळत चालली होती. तोमोएची नजर तिथंच अडकली. वीस वर्षं ती पँट्सची लांबी बेततेय. इतकी लांब पँट कोणी शिवून घेत नाही. घेतो तो एकाच कारणासाठी.

"थांबा," ती म्हणाली. "सरळ उभे राहा."

"काय?"

गळ्यातली टेप तिने काढलीसुद्धा. गुडघ्यावर बसून मापलं. "सहा सेंटीमीटर जास्त." मग दारात जाऊन तिने साहेबांचा बूट उचलला, आत हात घातला आणि रबराचा जाडजूड तुकडा बाहेर ओढला. इवाओ आ वासून बघत राहिला.

"माझ्या नवऱ्याचे बूट मोजायला आलात होय?" तोमोएचा आवाज चढला. "आणि तुमचे कोण मोजायचे? माझं पोर रोज दोनशे बॉल टाकतं. त्याच्या बोटांना घट्टे आहेत. ते कुणी बघितलं? नाही! बापाची तंगडी बघा! लाज वाटायला हवी तुम्हाला!"

हिराबायाशी मटकन खाली बसले. कानापर्यंत लाल झाले होते. "बाई, तिथं बुटक्या माणसाची धडगत नाही. कोचसमोर मी वीस वर्षं टाचा उंच करूनच उभा आहे." मग त्यांनी फाईल उघडली. "असं करतो. 'दारात बत्तीस नंबरचे बूट पाहिले' एवढं लिहितो. ते काही खोटं नाही."

योशिहारुचा चेहरा उजळला. "तुमचे उपकार कसे..."

"खोडा ते," तोमोए म्हणाली.

"अगं!" योशिहारु ओरडला.

"खोडा म्हणते ना! साडेचोवीस लिहा. मघाशी मी चुकले, इवाओभाऊजींचे बूट मांडायला नको होते. पोर आमचं आहे, आमच्या मापाचं आहे. घ्यायचं तर तसंच घ्या."

"कोच फाईल फेकून देतील."

"मग त्यांना म्हणावं, इथं येऊन माझ्या तोंडावर फेका. पण बूट काढून आत यायचं!"

"आता तुम्ही हे घालवलंत," जाताना हिराबायाशी हळूच म्हणाले. तोमोएने त्यांना जाऊ दिलं नाही. आधी पँट उतरवायला लावली, सहा सेंटीमीटर आत मुडपून शिवून दिली. पैसे घेतले नाहीत. रबराचे तुकडे मात्र परत दिले नाहीत. त्या रात्री योशिहारु तिच्याशी बोलला नाही, आणि हायातो भिंतीवर बॉल आपटत बसला. जागा गेली, असंच तिघांनी धरलं.

पुढच्या रविवारी कोच सेगावा स्वतः आले. गल्लीत कुजबुज झाली, खिडक्या उघडल्या, इवाओ पळीसकट बाहेर आला. कोच उंच, रुंद, आवाज असा की कावळे उडावेत.

"मला बूट काढायला सांगणारं कोण आहे?"

तोमोए दारात उभी होती, गळ्यात टेप. तिच्या पायांशी साडेचोवीस नंबरचे बूट, पॉलिश करून मधोमध मांडलेले. कोचच्या मागे हिराबायाशी, सहा सेंटीमीटरने बुटके, पँट मात्र झक्कास.

"या ना," ती म्हणाली. "चहा केलाय. बूट काढा आणि या."

कोच खाली वाकले. लेसला हात लावला. मग त्यांनी हिराबायाशींकडे पाहिलं, तोमोएच्या टेपकडे पाहिलं, गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांकडे पाहिलं. हात लेसवर तसाच राहिला.

कोच सरळ उभे राहिले. "नको. घाईत आहे," ते घसा खाकरून म्हणाले. "पोराचा बॉल मी स्वतः दोनदा पाहिलाय. चांगला वळतो." त्यांनी खिशातून कागद काढला, चपलांच्या कपाटावर ठेवला, शिक्का मारला आणि उंबरठ्याच्या बाहेरूनच वळून चालू लागले. फी माफ, तिन्ही वर्षांची.

हायातो कागद दोन्ही हातांत धरून नाचत होता. योशिहारु आपले बूट उचलून छातीशी धरून उभा होता, आणि डोळे पुसत होता. तोमोए मात्र गल्लीच्या टोकापर्यंत पोचलेल्या कोचच्या टाचांकडे डोळे बारीक करून बघत होती.

"आठ सेंटीमीटर," ती म्हणाली.

"काय आठ?" योशिहारुने विचारलं.

"काही नाही. कोच पँट आखूड करायला आणतील तेव्हा आपण होऊन बूट काढून आत येतील."