ध्येय क्रमांक चार

युवक आघाडीच्या चिटणीसाने सकाळीच दिवाणखाना झाडून घेतला होता, म्हणजे बायकोकडून झाडून घेतला होता. संध्याकाळी साहेब यायचे होते. आघाडीची पाच ध्येयं पक्षाच्या जाहीरनाम्यात घालायची, तर साहेबांची मंजुरी हवी. आणि साहेब तीन वर्षं प्रत्येक ध्येयाला "बघू" म्हणत आले होते. यंदाही "बघू" ऐकलं तर राजीनामा देईन, असं चिटणीस भर सभेत बोलून बसला होता.

आघाडीचा एक नियम होता, चिटणीसानेच मोठ्या हौसेने केलेला: जे आपण स्वतः करत नाही, ते लोकांना सांगायचं नाही. रोजगार, वाचनालय, जादा बसगाड्या ही कामं सत्ता आल्यावरची, त्यामुळे नियमाचा कोणाला जाच नव्हता. साहेब येईपर्यंत तालीम म्हणून चिटणीसाने जमलेल्या पदाधिकाऱ्यांपुढे खणखणीत आवाजात ध्येयं वाचायला घेतली. चौथं होतं, 'घरकामात पुरुषांचा निम्मा वाटा.'

"अहो," स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "हे चौथं करून झालं का?"



"निवडून आल्यावर..." प्रवक्ता पुटपुटला.

"त्याला सत्ता कशाला लागते, भाऊजी? फडकं लागतं. हे घ्या."

आपलाच नियम असा गळ्याशी आला. आघाडी स्वयंपाकघरात शिरली. खजिनदाराने दूध तापत ठेवलं आणि उतू घालवलं. ते धुवायला प्रवक्त्याने बादलीच उपडी केली. पाणी वाहत दिवाणखान्यात गेलं आणि नेमके तेव्हाच साहेब आत आले. पाय घसरला, नशीब थोर, म्हणून खुर्चीतच जाऊन आदळले.

"काका, ओल्यात उठू नका हं," बायकोने त्यांच्यापुढे परात ठेवली. "बसल्या बसल्या एवढे कांदे चिरा. नियम तुम्हालाही असेलच ना?"

पोरांसमोर नाही कसं म्हणणार? दुसऱ्याच कांद्याला साहेबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. प्रसिद्धीप्रमुखाने लाटणं टाकून घाईघाईने फोटो काढला. त्यात परात आलीच नाही. 'युवकांची ध्येयं ऐकून साहेब गहिवरले,' असं लिहून त्याने तो सगळीकडे धाडलासुद्धा.

साहेबांचा फोन खणखणू लागला. "साहेब, आज तुमच्यातला माणूस दिसला!" असं चौथ्यांदा ऐकल्यावर साहेबांची छाती फुगली.

"मंजूर!" ते गरजले. "पाचही मंजूर!" प्रसिद्धीप्रमुखाने तेही लगेच सगळीकडे धाडलं.

चिटणीसाला आकाश ठेंगणं झालं. राजीनामा टळला, वर बायको चक्क कौतुकाने बघत होती.

एवढ्यात पुन्हा फोन वाजला. साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "हो... पाचही... हो, चौथंसुद्धा... अगं, पण आजपासूनच?"

"काय म्हणाल्या काकू?" चिटणीसाच्या बायकोने विचारलं.

"वाट बघतेय म्हणाली. भांडी तशीच ठेवलीत."

कुठेही दहा मिनिटांच्या वर न टेकणारे साहेब खुर्चीत मागे रेलले.

"चिटणीस, असं घाईने मंजूर करणं बरं नाही. एकेका ध्येयावर सविस्तर चर्चा होऊ द्या. अगदी पहिल्यापासून," ते म्हणाले. "आणि ते चौथं सगळ्यात शेवटी घ्या."