मोरिता-सानच्या कार्बाईनची पूजा

निघताना उदयने हळदकुंकू-अक्षतांची डबी खिशात टाकली, तीही केवळ बायकोशी, अनुराधाशी, वाद नको म्हणून. पुढचं सगळं त्या डबीतून निघालं.

"आज दसरा आहे," अनुराधा म्हणाली होती. "इतक्या वर्षांचं शस्त्र घर सोडून चाललंय. दोन बोटं हळदकुंकू लाव, चार अक्षता टाक."

"अगं, शस्त्र मोरिता-सानचं आहे. आपलं नाही."

"कियोको-सान असत्या तर त्यांनाच सांगितलं असतं मी."



जपानमध्ये, नागोयातल्या उदय-अनुराधाच्या इमारतीत मोरिता-सान तळमजल्यावर राहत. ते जुने शिकारी. कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा हे अनुराधाला त्यांच्या बायकोनं, कियोको-साननं, हाताला धरून शिकवलं होतं. वसंतात त्या गेल्या. तेव्हापासून मोरिता-सान फक्त कचरा टाकायला बाहेर येत, आणि त्यांची पिशवी एका बोटावर लटकेल इतकी हलकी असे.

बंदुकीचा परवाना नवा करायची वेळ आली की पोलीस घरी येऊन कियोको-सानना विचारत, "नवऱ्याची भीती वाटते का?" त्या म्हणत, "गायला लागले की वाटते."

"आता विचारायला घरात कुणी नाही," मोरिता-सान उदयला म्हणाले होते. "एकट्या माणसाच्या घरात बंदूक नको. रात्री फार लांबतात." या वाक्याचा अर्थ लावायचा नाही असं उदयने ठरवलं, पण तो लागलाच.

गिफूच्या डोंगरातल्या ओगावा-सान नावाच्या बाई ती आखूड नळीची सेमी-ऑटोमॅटिक कार्बाईन घ्यायला तयार होत्या. त्यांची पर्सिमन फळांची बाग रानडुकरं उकरून ठेवत. मात्र बंदूक नीट चालते का हे आधी नेमबाजीच्या रेंजवर पाहायचं होतं. पसंत पडली नाही तर बंदुकांचा दुकानदार तिचे तुकडे करणार होता. परवाना हातात येईपर्यंत ओगावा-सानना तिला बोटही लावता येणार नव्हतं. म्हणून मोरिता-साननी झाडायची, बाईंनी बघायची, आणि उदयने गाडी चालवायची, कारण मोरिता-साननी गाडीचा परवाना आधीच परत केला होता.

रेंजच्या पार्किंगमध्ये म्हातारे मोरिता-सान लांब पेटी घेऊन उतरले, तसा उदयचा हात आपोआप पुढे गेला. (वडीलधाऱ्याच्या हातात ओझं आणि आपण मोकळे, हे त्याला लहानपणापासून जमलेलं नाही.)

"द्या, मी घेतो."

मोरिता-सान दोन पावलं मागे सरकले. "नको, उदय-सान. तुम्ही हात लावलात तर गुन्हा होईल."

जिन्यापाशी हात पुन्हा पुढे गेला. "उदय-सान." या वेळी नुसतं नाव. मग त्याने दोन्ही हात खिशात कोंबले, आणि तिथे हाताला डबी लागली.

ओगावा-सान आल्या. मोरिता-साननी कार्बाईन टेबलावर ठेवली. नियमाप्रमाणे तिचा सरकता बोल्ट मागे ओढलेला, पोट उघडं. उदयने अडखळत पूजेचा विषय काढला. मोरिता-साननी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि स्वतःच्या बोटाने दस्त्यावर कुंकू लावलं. मग देवळात उभं असल्यासारखे वाकून त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या. ओगावा-सानही वाकल्या. अक्षता तेवढ्या राहिल्या. टाकणं म्हणजे काही हात लावणं नव्हे, असा उदयने विचार केला आणि लांबूनच चिमूट उडवली.

पहिली गोळी सुटली. दुसरी सुटेना. काडतुसाची रिकामी पुंगळी अर्धी बाहेर येऊन अडकली आणि बोल्ट मध्येच थांबला. मोरिता-साननी तो ओढला, पुंगळी पडली, पण बोल्ट काही पूर्ण बसेना.

"जुनी झालीये," ओगावा-सान हळूच म्हणाल्या. "बागेत डुक्कर समोर आलं आणि अशी अडकली तर..."

"हो. बरोबर आहे तुमचं," मोरिता-सान म्हणाले. ते बंदुकीकडे बघत होते. वसंतात स्मशानातून परतल्यावर त्यांनी दाराच्या कुलपाकडे बघितलं होतं, अगदी तसंच.

त्यांनी मॅगझीन काढलं, काडतूस काढलं, आतला भाग मऊ कापडाने पुसला. कापडावर लाल तांदळाचा एक दाणा आला.

तिघांनी तो पाहिला. मग दोघांनी उदयकडे पाहिलं. (उदय मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत होता. यंत्रात बाहेरचा कण जाऊ नये हे पाहण्याचाच त्याला पगार होता.)

"माझा आहे," तो म्हणाला.

ओगावा-सान खोकल्याचं निमित्त करून वळल्या. मोरिता-साननी दाणा जपून रुमालात बांधला आणि पुन्हा नेम धरला. उरलेल्या गोळ्या एकामागोमाग सुटल्या.

"मी घेते," ओगावा-सान म्हणाल्या. "इतकी नीट ठेवलीये, म्हणूनच तुमच्या बायकोनं इतकी वर्षं घरात राहू दिली असेल."

मोरिता-सान फक्त वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले.

बाईंचे कागद होईपर्यंत कार्बाईन दुकानात ठेवायची होती. ती तिथे देऊन दोघं परत आले. इमारतीपाशी मोरिता-सान रिकामी पेटी घेऊन उतरले. उदयने हात पाठीमागे बांधून घेतले.

"उदय-सान," ते म्हणाले, "आता धरलीत तरी चालेल."

दिवसभर हुकलेली संधी. उदयने पाय रोवले, श्वास रोखला आणि पेटी जोरात उचलली. तिला वजनच नव्हतं. ती वर आली ती थेट त्याच्या कपाळावर, आणि तो सायकलींच्या रांगेत जाऊन बसला. खिशातली डबी उघडून त्याच्या अंगावर सांडली.

मोरिता-सान हसले. वसंतानंतर पहिल्यांदाच. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि हसू थांबल्यावरही ते पुसतच राहिले. उदय सायकलींत बसून चाकाकडे बघत होता. त्यांचं पुसून होईपर्यंत तो उठला नाही.

दोघं वर गेले तेव्हा अनुराधाने दार उघडलं. "मोरिता-सान, आज तुम्ही आमच्याकडेच जेवायचं. या, आत या." मग तिचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. कपाळावर टेंगूळ, शर्टावर कुंकू, केसांत तांदूळ.

"तू तिथेच थांब," ती म्हणाली. "आधी केस झटक. घरभर दाणे पाडशील."